बिबट्याची वहिवाट

2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला वर काढलं, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात नेऊन सोडलं. नाव ठेवलं आजोबा. आजोबांना घाट काही मानवला नाही. ते चालू लागले. कसाऱ्याचे रेल्वेरूळ, आग्र्याचा हमरस्ता, वसईकडचा कारखान्यांचा पट्टा ओलांडून आणि खाडी पोहून, महिन्याभराच्या आत सुमारे 120 किलोमीटर अंतर कापून ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचले. 2011 च्या अखेरीस अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाने त्यांना उडवलं. ओळख पटली ती अंगात बसवलेल्या चिपमुळे.

2014 मध्ये ‘आजोबा’ हा सिनेमा आला. लोक हळहळले. पण हळहळ सरली की एक अवघड प्रश्न उरतो: हे मरण अपघात होतं की अन्याय? अपघात असेल तर भूतदया पुरते. अन्याय असेल तर कुणीतरी कुणाचं तरी देणं लागतं.

गावात शेजाऱ्याने बांधावरची वाट नांगरली तर शेतकरी दयेची याचना करत नाही. तो तहसीलदाराकडे अर्ज टाकतो. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अशी अडवलेली वाट मोकळी करून देता येते. तिथे मुद्दा वहिवाटीचा असतो, शेजाऱ्याच्या चांगुलपणाचा नसतो. बिबट्याला अर्ज करता येत नाही, एवढाच काय तो फरक. आणि हा विचार अगदीच हवेतला नाही. निलगिरीतल्या सिगूर पठारावर हत्तींच्या जुन्या वाटेत रिसॉर्ट उभी राहिली होती. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हत्तीमार्गाला संरक्षण देणारी तमिळनाडू सरकारची अधिसूचना उचलून धरली.

आपल्या परंपरेत या प्रश्नाची सर्वांत भयंकर मांडणी महाभारतात आहे. खांडववन जळत असताना कृष्ण आणि अर्जुन दोन रथांतून वनाच्या दोन्ही बाजू राखतात, कशासाठी? तर एकही जीव बाहेर पडू नये म्हणून. पळणारी जनावरं, उडणारे पक्षी बाणांनी पाडून पुन्हा आगीत टाकले जातात. वाचतात ते मयासुर, अश्वसेन नाग आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं, एवढेच. वर धार्मिक कारण तयार आहेच: अग्नीची भूक. ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी हे कारण बाजूला सारून त्यामागची जमिनीची हाव दाखवली. ती कथा वाचताना जाळण्याइतकाच, किंबहुना जास्त, तो पहारा अंगावर येतो. जंगल तोडणं ही एक गोष्ट. उरलेल्यांच्या सुटकेची वाट बंद करणं ही दुसरी. संरक्षक भिंती, दुभाजक आणि दहा-दहा पदरी रस्ते हा पहारा रात्रंदिवस देत असतात. रथात कुणी बसलेलं नसल्यामुळे पाप कुणाच्याच खात्यावर मांडलं जात नाही.

उद्यानाच्या आसपास आणि पालघरकडे वारली पाड्यांवर वेगळा हिशेब आहे. तिथे वाघोबा आहे: लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगावर शेंदूर. वाघबारशीला त्याची पूजा होते, कोंबडं-बोकड दिलं जातं. वारल्यांचं बिबट्यावर प्रेम आहे, असं शहरी माणसाला वाटतं. तो त्याचा भाबडेपणा. हा देव भीतीतून आलेला आहे आणि त्याचा मान राखला नाही तर तो कोपतो. व्यवहार सरळ आहे: रान त्याचं, आपण त्यात राहतो, तेव्हा त्याचं त्याला द्यायचं. दयेत देणारा वरच्या पायरीवर उभा असतो. वाघोबापुढे माणूस खालच्या पायरीवर आहे, आणि रस्ता आखताना तीच जागा जास्त उपयोगी पडते.

कारण जनावराची वाट कागदावर देऊन भागत नाही. मोरी बांधली म्हणून कुणी तिच्यातून जात नाही. पायाखाली माती हवी, कुंपण असं हवं की ते जनावराला रस्त्यावर न नेता पुलाखाली नेईल, हरणांना पलीकडचं उजेडाचं तोंड दिसायला हवं, वरच्या दिव्यांचा आणि हॉर्नचा त्रास अडवायला हवा. खाली चहाची टपरी लागली की संपलं. नागपूरकडून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर, पेंचच्या जंगलात, अशी नऊ बांधकामं केली गेली. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून जाणाऱ्या 18 जातींच्या वन्यप्राण्यांची नोंद झाली. वाघ 89 वेळा दिसले.

मग झालं का प्रायश्चित्त? रस्ते बांधणाऱ्यांना तसं वाटायला लागलंय, आणि इथेच सावध राहायला हवं. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताआधी पापाची कबुली लागते आणि पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो. दंड भरून पुढचं पाप मोकळं होत नाही. वन्यजीव संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शिकेचा क्रमही तोच आहे: आधी जंगल टाळा, टाळता येतच नसेल तर नुकसान कमी करा. प्रत्यक्षात प्रकल्पाच्या जाहिरातीत पुलाचं चित्र आधी छापलं जातं आणि रस्ता दुसरीकडून नेता आला असता का, हे कुणी विचारत नाही.

मुंबईत हा प्रश्न घोडबंदर रस्त्यावर उभा आहे. रस्त्याच्या दक्षिणेला उद्यानाचा मुख्य भाग, उत्तरेला नागला बंदराचं जंगल, मग वसईची खाडी आणि तिच्यापलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य. दक्षिणेच्या बिबट्यांना बाहेर पडायला हीच दिशा उरली आहे. बाकी तिन्हीकडे शहर आहे. उद्यानाच्या पोटातून ठाणे–बोरिवली जुळा बोगदा होतो आहे, म्हणजे माणसाला जमिनीखालून न्यायला पैसा आणि तंत्र दोन्ही आहे. मग जनावराच्या वाटेसाठी ते नाही, असं म्हणता येणार नाही.

तेव्हा अशा रस्त्याच्या रुंदीकरणाच्या हरकती-सूचनांची जाहिरात पुढच्या वेळी वर्तमानपत्रात दिसली, तर वाचकांनी दोन ओळी जरूर लिहून पाठवाव्यात: नकाशावर जनावराची वाट कुठे दाखवली आहे, आणि तिचा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरला आहे की नाही.