यमदूताची गफलत

नाट्यशास्त्राच्या शेवटच्या अध्यायात भरतमुनींच्या शंभर पुत्रांची फजिती सांगितली आहे. विद्या हाती आली तसा पोरांना माज चढला आणि त्यांनी प्रयोगात थेट ऋषींचीच टवाळी सुरू केली. ऋषी भडकले आणि सगळ्या नटमंडळींना शाप देऊन मोकळे झाले. गंमत अशी की, याच ग्रंथात दहा रूपकांमध्ये प्रहसनालाही मानाचं पान आहे, आणि त्यातल्या ‘शुद्ध’ प्रहसनात पात्रं म्हणून यायचे कोण, तर तापस, भिक्षू, संन्यासी, ब्राह्मण. ज्यांची चेष्टा केली म्हणून शाप बसला, त्यांचीच चेष्टा करायला शास्त्राची मुभा! पवित्र गोष्टीला हसणं हा तिचा अवमान की तिची परीक्षा, हा प्रश्न ग्रंथाने असा अर्ध्यावर सोडला. पुढे तो घेतला नाटककारांनी.

त्यांतला एक तर राजाच होता. सातव्या शतकात कांचीच्या पल्लव घराण्यातल्या पहिल्या महेंद्रवर्म्याने ‘मत्तविलास’ हे एका अंकाचं प्रहसन लिहिलं. त्यात सत्यसोम नावाचा कापालिक दारूच्या अमलाखाली भिक्षेची कवटी हरवून बसतो आणि नागसेन या बौद्ध भिक्षूवर चोरीचा आळ घेतो. नागसेनाचं दुःख वेगळंच आहे. इतक्या कनवाळू बुद्धांनी मद्य आणि स्त्रिया वर्ज्य केल्या असतील, हे त्याला पटतच नाही. म्हाताऱ्या भिक्षूंनीच तरुणांवर जळून मूळ ग्रंथातला तेवढा भाग गाळला असणार, असा त्याचा पक्का संशय. भांडण तोडायला एक पाशुपत येतो आणि ते आणखी चिघळवतो. कवटी अखेर एका वेड्याकडे निघते. आत भाजलेलं मांस होतं, म्हणून ती कुत्र्याने पळवलेली असते.

हे वाचून कुणाच्याही भावना दुखावतील असं वाटावं. पण केरळात चाक्यार नटांनी हेच प्रहसन कूडियाट्टमच्या शैलीत देवळात केलं, तेही मूल व्हावं म्हणून बोललेल्या नवसापोटी. झिंगलेल्या कापालिकात तिथे शिवाचं रूप पाहिलं जातं. कोकणातल्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही. जत्रेच्या रात्री आडदशावतारात काळ्या वेषातला संकासुर मालवणीत भटजींची यथेच्छ फिरकी घेतो, ती देवळाच्या आवारातच.

तरीही ‘मत्तविलासा’तली थट्टा माणसांची आहे. सिद्धान्तालाच हात घालणारं प्रहसन म्हणजे ‘भगवदज्जुकीय’. मामंडूरच्या शिलालेखात त्याचं नाव ‘मत्तविलासा’च्या जोडीने येतं, म्हणून काही अभ्यासक तेही महेंद्रवर्म्याचंच मानतात, दुसरी परंपरा बोधायनाचं नाव घेते. कर्ता कुणीही असो, माणूस योगशास्त्र कोळून प्यायलेला होता. प्रस्तावनेतच त्याचा सूत्रधार ठणकावतो की, नाट्यातल्या सगळ्या रसांत हास्य हाच मुख्य.

त्यातला शिष्य शांडिल्य संन्यासाकडे वळला तो पोटासाठी. आधी बौद्धांकडे गेला, तिथे एकवेळच जेवण म्हटल्यावर तो मार्ग सोडला. आता तो एका परिव्राजकाचं सामान वाहतो आणि त्याची आत्म्यावरची प्रवचनं ऐकतो. दोघे एका बागेत येतात. तिथे वसंतसेना नावाची गणिका प्रियकराची वाट पाहत गाते आहे. यमदूताच्या करणीने तिला साप डसतो आणि ती मरते. शांडिल्य मृतदेहाला हात लावून गळा काढतो. वैराग्याचे इतके धडे पाण्यात गेलेले पाहून गुरू ठरवतो की, आता प्रात्यक्षिकच दाखवावं. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या विभूतिपादात परकायाप्रवेश सांगितलेला आहेच. गुरू गणिकेच्या देहात शिरतो. नवनाथांची पोथी वाचणाऱ्या मराठी माणसाला हे नवं नाही. त्रिविक्रम राजाच्या देहात गेलेला मच्छिंद्रनाथ त्याच्या ओळखीचा असतो.

इथून पुढे धमाल. वसंतसेना उठते ती शास्त्र सांगतच. प्रियकर जवळ येतो तर त्याला झिडकारते. विष उतरवायला आलेल्या वैद्याच्या अर्धवट ज्ञानाचे वाभाडे काढते. तेवढ्यात यमदूत धावत परत येतो, कारण त्याने भलतीच वसंतसेना उचललेली असते. एकाच नावाच्या दोन फायली, आणि कारकुनाने चुकीची पुढे सरकवली, तसा हा घोळ. कर्माचा हिशेब बिनचूक असतो असं मानणाऱ्या धर्मात ही चूक सहज खपून जाते, ही त्या प्रहसनातली सर्वांत धीट थट्टा असावी. देह तर योग्याने अडवलेला. मग यमदूत गणिकेचा प्राण रिकाम्या पडलेल्या योग्याच्या देहात घालतो, आणि संन्यासी लाडिकपणे प्रियकराला हाका मारू लागतो.

प्रेक्षक हसतो, पण कशाला? गुरूच्या मते आत्मा निर्गुण, निर्विकार. तसं असेल तर एका देहातून दुसऱ्यात गेलं काय? गेला तो योग्याचा खेकसणारा स्वभाव, त्याचं पाठांतर. गणिकेची ओढ आणि तिचं लाजणं. हे सगळे गुणच झाले. यावर वेदान्त्यांचं उत्तर तयार आहे: एका देहातून दुसऱ्यात जातं ते मन-बुद्धीचं सूक्ष्म शरीर, आत्मा नव्हे. उत्तर चोख आहे, पण गुरूने शांडिल्याला हात झटकून शोक सोडायला सांगितलं होतं ते आत्म्याच्या नावाने. ज्याच्यासाठी शांडिल्य रडला ते तर त्या सूक्ष्म शरीरातच होतं, नाहीतर त्या निपचित देहात. या प्रयोगानंतर त्याचं रडणं पूर्वीइतकं अडाणी वाटत नाही. पुढे युरोपात जॉन लॉकने राजपुत्राचा आत्मा चांभाराच्या देहात घालून हाच पेच मांडला, सन 1694 मध्ये. त्याचा चांभार मात्र कुणाला हसवत नाही.

असा खेळ एका अंकातच तगतो. ‘मृच्छकटिका’तही वसंतसेना नावाचीच गणिका आहे आणि तीही मेलेली समजली जाते, पण दहा अंकांच्या त्या नाटकाला खटला, वधस्तंभ, राज्यक्रांती असं सगळं मार्गी लावावं लागतं. प्रहसनाला निकाल देण्याची सक्ती नाही. सिद्धान्त खरा धरायचा, तो हाडामांसाच्या माणसाला वागायला लावायचा आणि बाजूला व्हायचं.

एकनाथांच्या भारुडांशी ताडून पाहिलं की फरक कळतो. तिथेही विंचू चावतो, बाई कळवळते, लोक हसतात. पण नाथांचा विंचू कामक्रोधाचा असतो आणि त्याचा उतारा भारुडातच सांगितलेला असतो. हसू संपतं तिथे परमार्थ सुरू होतो, आणि कीर्तनाच्या मंडपात तेच हवं असतं. ‘भगवदज्जुकीया’तल्या सापाला असं काही रूपक चिकटवता येत नाही. तो डसतो, बाई मरते, आणि ती जिवंत होते ती एका कारकुनी दुरुस्तीमुळे.

शेवटी प्राणांची अदलाबदल होऊन ज्याचा देह त्याला मिळतो. हे काय चाललंय, असं शांडिल्य विचारतो. सबंध अंकभर प्रत्येक गोष्टीवर बोललेला गुरू सांगतो की, ही लांबलचक कथा आहे, मुक्कामावर गेल्यावर सांगेन. मुक्कामाचा अंक नाटककाराने लिहिलेला नाही.