जुन्या इंजिनाचे नवे नाव

नाशिकच्या द्वारका चौकात नाशिकरोडच्या रिक्षेची वाट पाहत आम्ही उभे असतो, तेव्हा नावांचा विचार मनात येतोच. मूळ द्वारका सौराष्ट्रात. पण या चौकाला द्वारका म्हणताना कोणी कोणाला फसवत नाही. मोगल अमलात या शहराला गुलशनाबाद म्हणत. नाशिक हे नाव त्याहून जुने आणि आजही तेच. नावे जातात, येतात, परतही येतात. प्रश्न एवढाच की, ती देताना आणि बदलताना आपण इमानाने वागतो का?

रेल्वेच्या जुन्या वाफेच्या इंजिनांकडे पाहिले की हा प्रश्न स्पष्ट होतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी तीन इंजिनांनी ओढली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी त्यांची नावे सांगतात. ती तिन्ही आज उरलेली नाहीत. पुढे हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये विसाव्या शतकातल्या इंजिनांना हीच नावे दिली गेली. उलट, १८५५ साली लीड्सला बांधलेले ईस्ट इंडियन रेल्वेचे २२ क्रमांकाचे इंजिन चाळीस वर्षे नुसत्या आकड्यावर राबले. ‘फेअरी क्वीन’ हे नाव त्याला १८९५ साली मिळाले. आज जग त्याला त्याच नावाने ओळखते.

मग सुलतान खरा कोणता? आमच्या घरांत नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. त्यात प्रेम असते, आठवण असते. पण त्याच नावावर नातू आजोबांचे निवृत्तिवेतन मागू लागला, तर त्याला आपण लबाडीच म्हणू. नाव वारशाने मिळते. आयुष्य मिळत नाही. रेवाडीचा सुलतान पहिल्या सुलतानाची आठवण जरूर सांगू शकतो, पण १८५३चा मान आपला म्हणू शकत नाही.

कोणी म्हणेल, लोखंडाला कसली अस्मिता? खरे आहे. इंजिनाला नाव कळत नाही. कळते ते पाटी वाचणाऱ्या मुलाला. आणि ती पाटी ठरवतो तो अधिकारी. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनला कोणी विचारत नाही.

मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव एका विजेच्या इंजिनाला दिले होते. व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ साली बदलले, पण ते इंजिन जतन करताना गव्हर्नरांचे नाव पुसले नाही. त्याने महाराजांचा मान तसूभरही कमी झाला नाही.

म्हणून आम्हांला वाटते, नवे नाव खुशाल द्यावे. मात्र पाटीवर क्रमांक, बांधणीचे साल आणि आधीचे नावही असावे. नवे नाव देणे हा अन्याय नव्हे; जुने खरवडून ‘हे पहिल्यापासून असेच होते’ म्हणणे, हा अन्याय आहे. इंजिनाच्या बाबतीत हे पटत असेल, तर गावांच्या आणि माणसांच्या बाबतीत पटायला अडचण कसली?