मृगापासून मागं

मार्च लागला की राजारामपुरीच्या आतल्या गल्ल्यांतून चालताना ठसका लागतो. मुख्य रस्त्यावर दुकानं, क्लासेसच्या पाट्या, गाड्यांची गर्दी. पण आत वळलं की अजून गच्च्या आहेत आणि गच्च्यांवर जुनी लुगडी पसरून लाल मिरची वाळत घातलेली आहे. वर्षाची चटणी याच दिवसांत होते. रंगाला ब्याडगी, चवीला जवारी संकेश्वरी, तिखटाला लवंगी. प्रमाण ज्याच्या त्याच्या घरचं. देठ काढायचे, मसाला भाजायचा, कांदा-लसूण तयार ठेवायचा आणि डबे घेऊन डंकावर नंबर लावायचा. हे सगळं पाऊस यायच्या आत उरकायचं असतं.

अशाच एका गल्लीत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, दोन घरं होती.

अलीकडच्या घरात अक्का राहायच्या. माहेर गडहिंग्लजकडचं. ज्या रानात संकेश्वरी पिकते आणि ज्या बाजारात तिचा सौदा होतो, तिथं त्यांचं बालपण गेलं. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तेव्हा घरामागं परडं होतं. पुढं बांधकामं वाढली, परडं आकसलं, पण तीन-चार वरंबे मावतील एवढी माती अक्कांनी राखली होती. देठ काढायला बसल्या की त्यांच्या शेजारी एक वाटी असायची. ढिगातली लांब, पूर्ण लाल, डाग नसलेली मिरची हाताला लागली की ती चटणीत जायची नाही, वाटीत जायची. ते पुढच्या सालचं बियाणं. मिरची फोडून बी झाडायच्या आधी त्या हाताला गोडं तेल चोळत. तिखटपणा बीत नसतो, बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेलं असतं तिच्यात असतो. तो पाण्यानं जात नाही, तेलानं मात्र उतरतो. काढलेलं बी राखेत घोळवून, फडक्यात बांधून फळीवर.

पलीकडच्या घरातला धाकटा कंपनीचं काम घरूनच करायचा. मोठी बहीण लग्नानंतर न्यू जर्सीला गेलेली. मार्चच्या मध्यावर एका रविवारी तिनं व्हिडिओवर आपलं तळघर दाखवलं. लांब टेबल, त्यावर छोट्या खणांचे ट्रे, खाली ऊब देणारी चटई, वर दिवे. खिडकीबाहेर कुंपणाच्या कडेला बर्फाचे ढीग.

‘‘आज मिरचीचं बी टाकलं,’’ ताई म्हणाली. ‘‘गावाकडची चव इथं कुठं मिळायची?’’

धाकट्याच्या मनात ते फार खोल गेलं. बर्फातली माणसं आत्ता सुरुवात करतात, म्हणजे आपल्याला उशीरच झाला, असं त्याला वाटलं. त्याच संध्याकाळी त्यानं रोपांचे ट्रे, कोकोपीट आणि लवंगीचं बी आणलं. ताईचं घरात होतं म्हणून यानंही हॉलमध्ये, उत्तरेच्या खिडकीशी ट्रे मांडले. त्याच्या मनापासूनच्या कष्टांत काहीच खोट नव्हती. रोज सकाळी लहान मुलीला घेऊन तो ट्रेपाशी बसायचा. आठवड्याभरात बी उगवलं. कोल्हापुरात मार्चमध्ये चटई-बिटई काही लागत नाही. मिरचीच्या बियाला पंचवीस ते तीस अंश ऊब हवी, ती हवेतच असते. मुलीनं टाळ्या वाजवल्या.

पुढं मात्र रोपं वागायला लागली ती आपल्या स्वभावानं. खिडकीतून एकाच बाजूनं उजेड यायचा, त्या बाजूला ती झुकली आणि उजेडाच्या ओढीनं लांबट, किडकिडीत झाली. रोज पाणी मिळत होतं, म्हणून काहींची मान मातीलगत कुजली आणि ती रात्रीतून कोलमडली. शेतकरी याला मर म्हणतात; माती सतत ओली आणि हवा कोंडलेली असली की ती हटकून येते. जी वाचली त्यांना एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सहा-सात पानं आली, मुळं खणात गोल फिरायला लागली. रोप आता लावा म्हणत होतं. आणि बाहेर तर ऐन वैशाखाचं ऊन तोंडावर आलेलं.

धाकट्यानं ती कुंड्यांत लावून गच्चीवर नेली, भर दुपारी, सावलीतून थेट उन्हात. गच्चीचं सिमेंट तापलेलं. संध्याकाळपर्यंत निम्मी पानं पांढरी पडली. उरलेल्यांवर फुलकिडे आले, कोरड्या उष्णतेत ते झपाट्यानं वाढतात; पानं वाटीसारखी वळली, चुरडा-मुरडा झाला. एक-दोन झाडांना कळ्या आल्या त्या तशाच गळाल्या. तो दिवसातून तीनदा पाणी घालत होता. मिरचीला उष्णता आवडते हे खरं, पण छत्तीस-सदतीस अंशांत तिची फुलं टिकत नाहीत.

या सगळ्या दिवसांत तो भिंतीवरून अक्कांच्या परड्याकडं बघायचा. तिथं नुसती उघडी माती. एकदा न राहवून त्यानं विचारलं, ‘‘अक्का, तुम्ही अजून बी टाकलं नाही? उशीर होतोय की.’’

‘‘अजून दिस हाईत, बाळा. मातीला ऊन देतोय आम्ही.’’

त्याला ते आळसाचं बोलणं वाटलं. पण अक्कांनी मार्चातच माती खणून, उलटीपालटी करून उन्हाला टाकली होती, म्हणजे तिच्यातली कीड आणि बुरशी मरावी. शेणखत कुजून काळंभोर होईतो झाकून ठेवलं होतं. तयारीचं काम बाहेरून बघणाऱ्याला बहुतेक वेळा काही न करण्यासारखंच दिसतं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला तशी अक्कांनी शेवग्याच्या विरळ सावलीत वीतभर उंच गादीवाफा केला. बोटानं रेघा ओढल्या, नखभर खोल बी पेरलं, वर बारीक माती आणि पिंजराचा पातळ थर. झारीनं पाणी, तेही सकाळी एकदाच. बी तोंड वर काढायला लागल्याबरोबर पिंजर उचललं, कारण झाकलेलं रोप वाकडं होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणी नक्षत्र लागलं तेव्हा, त्यांनी पाणी कमी केलं आणि शेवग्याच्या दोन फांद्या छाटल्या, म्हणजे ऊन रोपांवर थेट पडावं. तरू थोडं मलूल झालं, मग आपोआप ताठ झालं. खोड पेन्सिलीएवढं आलं, बुडाशी जांभळट झाक दिसायला लागली.

याच सुमारास धाकट्यानं ताईला रिकाम्या कुंड्या दाखवल्या. ‘‘तू म्हणालीस तसंच केलं सगळं. तुझी बघ कशी तरारलीत.’’

ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘अरे, मी मार्चला टाकलं ते मार्च आवडतो म्हणून नाही. आमच्याकडं रात्रीची शेवटची थंडी मेच्या मध्यापर्यंत राहते. त्याआधी मिरची बाहेर लावली तर एका रात्रीत काळी पडते. आणि ऑक्टोबरात परत गारठा. मधल्या एवढ्याशा उन्हाळ्यात फळ लाल व्हायचं तर रोप मोठं करूनच बाहेर न्यावं लागतं. म्हणून मेच्या मध्यापासून आठ-दहा आठवडे मागं मोजले, तर मार्च आला. तू माझी तारीख उचललीस, माझा हिशेब नाही उचललास.’’

दुसऱ्या दिवशी त्यानं हे सारं अक्कांना सांगितलं. अक्कांनी न्यू जर्सी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

‘‘पोरीचं बरोबरच हाय की. तिच्याकडं मृग मेच्या मध्यालाच लागतोय म्हण. आमचा लागतोय सात-आठ जूनला. लावणीला तरू चाळीस दिसाचं पाहिजे. मृगापासनं मागं मोज, कुठं येतोस?’’

त्यानं बोटांवर मोजलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा.

मिरची ही काही आपली मूळची नव्हे. ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेची; पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ती या किनाऱ्यावर आली. सोबत बी आलं, पंचांग आलं नाही. ते इथल्या शेतकऱ्यांना पाऊस बघून, ऊन सोसून, कितीतरी हंगाम वाया घालवून बसवावं लागलं. कोणा एकाचं नाव त्या हिशेबावर नाही. अक्कांच्या तोंडून आलेलं ‘मागं मोज’ हे त्या सगळ्यांच्या कष्टाचं सार आहे, आणि मला ते कुठल्याही छापील तक्त्याइतकंच मोलाचं वाटतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन चांगल्या सरी पडल्या, माती घोटाभर ओली झाली. एका ढगाळ संध्याकाळी अक्कांनी लावण केली. जास्तीचं तरू त्यांनी भिंतीवरून धाकट्याच्या हाती दिलं आणि त्याच्या कुंड्यांना तळाशी भोकं आहेत ना, हे वाकून स्वतः पाहिलं. परड्यातली रोपं मात्र सपाट जमिनीत लावली नाहीत, वरंब्याच्या माथ्यावर लावली, दीड-दीड फुटावर. कारण कोल्हापूरचा जुलै. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस एकदा लागला की दिवसदिवस उघडत नाही. मिरचीला तहान सोसते, पाय बुडलेले सोसत नाहीत. त्या झडीआधी तीन आठवडे मुळांना मिळाले पाहिजेत. मृग गाठायचा तो त्यासाठीच. गल्लीच्या टोकाला एकांनी पहिल्या पावसात थेट जमिनीत बी फोकलं होतं. निम्मं वाहून गेलं, निम्मं दोन पानांवर असताना तरण्यात कुजलं.

अक्कांची आणि धाकट्याची झाडं उभी राहिली. श्रावणात पांढरी फुलं आली. गणपतीत राजारामपुरीच्या रस्त्यावर आगमनाच्या मिरवणुकांचा गजर चालू असताना परड्यात हिरव्या मिरच्या लोंबत होत्या, आणि गौरीच्या शेपूच्या भाजीत दोन्ही घरी घरचीच मिरची पडली. दसऱ्यानंतर पहिली लाल झाली. ती मुलीनं तोडली आणि न सांगता अक्कांच्या वाटीत नेऊन टाकली.

त्याच दिवाळीत धाकट्याच्या टेबलावर एक फॉर्म आला. पुण्याच्या सहकाऱ्यानं आपल्या मुलाला चौथीपासूनच स्पर्धा परीक्षांच्या पायाभरणी वर्गाला घातलं होतं. तसाच वर्ग इथंही निघालेला. मुलगी तिसरीत. आठवड्याभरात पैसे भरले तर सवलत. धाकट्यानं पेन उघडलं. बायको म्हणाली, ‘‘त्यांचा मुलगा कुठं पोचायचा आहे ते त्यांना माहीत. हिचा मृग कुठला, ते आपण अजून विचारलं तरी आहे का?’’ त्यानं पेन मिटलं. मुलगी तेव्हा परड्यात अक्कांशेजारी बसून राखेत बी घोळवत होती.

राजारामपुरीत किंवा कोल्हापुरात कुठंही गच्चीवर मिरची लावायची असेल, तर कॅलेंडरवर आधी लावणीचा दिवस लिहा आणि तिथून चाळीस दिवस मागं या. पावसाळी मिरचीसाठी बी एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला टाका, आणि शेवटचे आठ दिवस रोपांना रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवून, पाणी आवरून मगच बाहेर काढा. परदेशातल्या लेकीसुनांनी आपल्या गावची शेवटची कडक थंडी कधी सरते ते विचारावं आणि तिथून आठ-दहा आठवडे मोजावेत. ज्यांचा मृग हुकला असेल त्यांनी खंत करू नये. सप्टेंबरच्या मध्यावर टाकलेलं बी ऑक्टोबरच्या अखेरीस लावणीला येतं, आणि इथला हिवाळा सौम्य असल्यानं ती मिरचीही चांगली धरते.