गंजाचा हिशेब

जुनी गाडी बघायला जाताना खिशात चुंबक ठेवावं, असं मला इथे इंग्लंडमध्ये जो भेटेल त्याने सांगितलं होतं. पत्र्याला चुंबक चिकटतं, लांबीला चिकटत नाही. चाकांच्या कमानींवरून, दारांखालच्या पट्टीवरून ते हळूहळू फिरवत न्यायचं. जिथे ते खाली पडेल, तिथे रंगाखाली पत्रा नसून गंजाच्या भोकात भरलेली लांबी आहे, असं समजायचं. मी चुंबक नेलं होतं. ते दोनदा पडलं. विकणारे गृहस्थ दुसरीकडे बघत राहिले. मी ते उचलून खिशात टाकलं, साडेपाच हजार पौंड दिले आणि १९७१ सालची एमजीबी रोडस्टर घरी आणली.

त्यामुळे मला फसवलं गेलं असं म्हणायची सोय नाही. याला आता सात वर्षं झाली.

एमजीबी ही काही फेरारी नव्हे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती आणि तिची भावंडं मिळून पाच लाखांवर गाड्या बनल्या. दोन सीटा, कापडी टप, १७९८ सीसीचं साधंसुधं इंजिन. ही नोकरदाराला परवडणारी स्पोर्ट्स कार होती. माझा तिच्याशी कुठल्याच आठवणीने संबंध नाही. आमच्या घरी सांगलीत लॅम्ब्रेटा होती आणि तीही बहुतेक वेळ कलती करून ठेवलेली. दुसऱ्या कुणाच्या तरी तारुण्याची आठवण मी विकत घेतली, असं म्हणता येईल. पुण्याच्या मेव्हण्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "अरे, आमच्याकडेही एमजी आहे की!" त्याच्याकडे हेक्टर आहे. नाव आता शांघायच्या कंपनीच्या मालकीचं आणि गाडी गुजरातेत हालोलला बनलेली. वारसा म्हणून आपण जे जपतो ते इतकं सहज विकलं जातं, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

या गाडीचे सुटे भाग आजही सगळे मिळतात. रबराच्या वॉशरपासून ते अख्ख्या नव्या बॉडीपर्यंत; १९८८पासून मूळ साच्यांवर बॉडी पुन्हा बनू लागली. हे वरदान वाटतं. पण दुर्मीळ गाडीचा नाद कधीतरी सुटतो, कारण एखादा भाग मिळतच नाही आणि तिथे गोष्ट थांबते. इथे थांबायला कारणच नसतं. आणि प्रत्येक भाग वेगळा पाहिला तर परवडतो. अडतीस पौंडांचा पाइप, चौसष्ट पौंडांचं ब्रेक सिलिंडर. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वाढलं की जुने रबरी पाइप बदला. शिसं असलेलं पेट्रोल २०००पासून इथे पंपावर मिळत नाही, तर व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या बसवून घ्या. यातलं काहीच चैनीचं नसतं. प्रत्येक वेळी ते 'करावंच लागतं'.

खरा खड्डा पडला तो दारांखाली. या गाडीला वेगळी चॅसी नाही आणि डोक्यावर छत नाही. त्यामुळे सगळा जोर दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर येतो. बाहेरचा पत्रा, आत एक उभा पत्रा, त्याच्या आत आणि खाली आणखी एक घडीचा भाग. गंज आतून बाहेर येतो. बाहेरून दिसेपर्यंत आतलं गेलेलं असतं. स्वस्तातला उपाय म्हणजे गंजावरच एक नवा पत्रा बसवून रंगवणं. आधीच्या कुणीतरी तेच केलं होतं. नीट करायचं तर पुढचा मडगार्ड उतरवायचा, मागच्याचा खालचा भाग कापायचा, आणि त्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे दांडे वेल्ड करायचे. नाहीतर सिल कापल्याबरोबर गाडी मध्यात वाकते आणि दारं पुन्हा कधी लागत नाहीत. पत्रा शे-दोनशे पौंडांचा. पैसे जातात ते तासांचे. वेल्डरने एक बाजू उघडली आणि मला बोलावून सांगितलं की दुसरी बाजू उघडली नाही तर बरं, पण उघडावी लागेल.

अशा खर्चांना इंग्रजीतून आलेला 'हिडन कॉस्ट' हा शब्द आपण सर्रास वापरतो आणि मराठीत त्याला 'छुपे खर्च' म्हणतो. जणू ते स्वतःच कुठेतरी दबा धरून बसले होते. मी या शब्दाशी बरेच दिवस घुटमळतो आहे. गंज लपलेला होता, हे खरं. पण खर्च? प्रत्येक पावती माझ्या हातात आली होती. मी एक वही ठेवली होती, तारीखवार, पैशापैशाची. ती गॅरेजमध्ये, सॉकेट सेटच्या पेटीत असायची. घरात कुणी विचारलं की मी जो आकडा सांगायचो, तो वहीतला नसायचा. "नऊ हजारांच्या आसपास गेले असतील." वहीत त्या दिवशी एकोणीस हजार होते. म्हणजे इथे लपलेलं काही नव्हतं, लपवलेलं होतं. आणि लपवणारा खोटं बोलतोय असंही त्याला वाटत नव्हतं. 'आसपास' हा शब्द फार मोठी जागा देतो.

गॅरेजमध्ये बसून मी विचार करत असे तो मात्र अगदी वेगळ्या गोष्टीचा. ग्रीकांच्या त्या थिसियसच्या जहाजाचा. फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच का? प्लुटार्कने नोंदवलेला हा प्रश्न जुन्या गाड्यांच्या जगात कोर्टापर्यंत गेलेला आहे. १९२९ आणि १९३०ची ल मान्सची शर्यत जिंकलेली एक बेंटली होती, 'ओल्ड नंबर वन'. एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, मग घेणारा म्हणाला की ही ती गाडीच नव्हे. १९९०मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात तज्ज्ञांनी भाग न् भाग तपासला. १९२९च्या गाडीतलं फारसं काही उरलं नव्हतं. तरी न्यायाधीशांनी सलग इतिहास ग्राह्य धरला आणि ही तीच गाडी ठरली. इथल्या वाहननोंदणी खात्याने तर वर्षानुवर्षं या प्रश्नाला गुण लावून ठेवले होते: बॉडीला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना दोन-दोन, इंजिनाला अवघा एक. आठ जमले की जुना नंबर राहायचा. ज्याला आपण गाडीचं काळीज समजतो त्याला एक गुण, हे मी आल्यागेल्याला रंगवून सांगत असे.

हा प्रश्न मला आवडायचा, कारण त्यात फक्त गाडी होती. फळ्या कुणाच्या पैशातून आल्या, हे जहाजाच्या गोष्टीत कुणी विचारत नाही.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझ्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, सांगलीला. बायकोने फेब्रुवारीतच तिकिटं पाहिली होती, ईस्टरच्या सुट्टीतली, दोघांची मिळून चौदाशे पौंड. मी म्हणालो, यंदा ओढाताण आहे, पुढच्या वर्षी निवांत जाऊ. ती फार काही बोलली नाही. कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे पाचला उठून, डोकं धुऊन, नारायणपेठ नेसून ती स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसली. बाहेर अंधार होता. तिकडे आप्पांना ओवाळत होत्या आणि कुणीतरी फोन धरून उभं होतं. बराच वेळ पडद्यावर फक्त मांडवाचं छत दिसत होतं. तिने ते छतसुद्धा पाहिलं. दहा वाजता मी वर्कशॉपला गेलो. सिल बसले होते, दारं एका बोटाने लागत होती. त्या कामाचं बिल बेचाळीसशे झालं.

तिला हे कळलं ते दीड वर्षाने. जुन्या गाडीचा विमा ठरीव किमतीचा घ्यायचा तर कंपनी फोटो आणि पावत्या मागते. घरातली कागदपत्रं तीच बघते. मी फाइल दिली तेव्हा एकूण बेरजेची भीती वाटत होती, तेवीस हजार चारशे. तिने बेरीज केलीच नाही. एक पावती बाजूला काढली आणि म्हणाली, "हे एप्रिलमधलं आहे."

बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने १९७६मध्ये नैतिक नशिबावर लिहिताना गोगँचं उदाहरण घेतलं होतं, बरंचसं स्वतःच्या सोयीने बेतलेलं. बायकामुलांना सोडून चित्रं काढायला ताहितीला गेलेला माणूस. त्याने केलं ते समर्थनीय होतं का, हे चित्रं साधली की नाही यावर ठरतं, आणि निघताना ते त्याला माहीत असणं शक्य नव्हतं, असा काहीसा तो युक्तिवाद. मी तो माझ्यासाठी वापरून पाहिला. लागत नाही. गोगँने निदान जगात नसलेलं काहीतरी आणलं. मी जगात पाच लाखांवर बनलेलं एक यंत्र पुन्हा बनवलं. मिळालेली सगळ्यात चांगली ऑफर बारा हजारांची आहे.

पण नशिबाची दुसरी बाजू माझ्या वाट्याला आली. आप्पा धडधाकट आहेत. आम्ही पुढच्या वर्षी खरंच गेलो, त्यांनी सगळे फोटो दाखवले, ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत आणि दर रविवारी फोनवर आधी गाडीची चौकशी करतात. ते त्या वर्षात गेले असते तर मी काय केलं होतं याला सगळ्यांनी एक नाव दिलं असतं. गेले नाहीत, म्हणून त्याला नाव नाही. केलेली गोष्ट मात्र दोन्हीकडे तीच. मी एकदा तिला म्हणालो, तसं बघितलं तर काही बिघडलं नाही ना. ती म्हणाली, "तू विचारलं असतंस तर कदाचित मी म्हणाले असते, कर गाडी. आता मला स्वतःलाच कळायचं नाही, मी काय म्हणाले असते."

याला मला अजून उत्तर सुचलेलं नाही. पैसे, वेळ, शनिवार-रविवार, कंबरदुखी, हे सगळं मोजता येतं आणि मी मोजलंही आहे. तिचा निर्णय मी तिच्या वतीने घेतला आणि तिला तो परिस्थितीचा म्हणून सांगितला, हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

गाडी चालते. उन्हाळ्यात टप उघडून आम्ही दोघं कॉट्सवोल्ड्सकडे जातो, वर्षाला पाच-सहाशे मैल होतात. तिला गाडी आवडते, हेही खरं, आणि त्याने माझं काम सोपं होत नाही. गेल्या महिन्यात ओव्हरड्राइव्ह बंद पडला. कदाचित वायरिंग असेल, कदाचित गिअरबॉक्स काढावा लागेल, आणि तो काढायचा तर इंजिनही बाहेर काढावं लागतं. आकडा अजून आलेला नाही. वही आता स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये असते, चमच्यांच्या खाली. तिने ती उघडून पाहिलेली नसावी. मी विचारलेलं नाही.