सोय कुणाची?

घराची दुरुस्ती काढली की माणूस कर्जबाजारी होतो. मी तत्त्वज्ञ झालो. कारण आमचा गवंडी. ‘‘साहेब, ओटा किती उंच ठेवू?’’ त्याने विचारलं. मी ऐटीत उभा राहिलो, कोपर वाकवलं आणि म्हणालो, ‘‘३७ इंच!’’

हिशेब बरोबर होता. ओटा कोपराच्या ४ ते ६ इंच खाली असला की कंबर दुखत नाही. फक्त कोपर माझं होतं. मी पावणेसहा फूट. ओट्यापाशी उभी राहणार बायको, ती पाच फूट. तिला ३२ इंच पुरे.

महिनाभर ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटत होती आणि मी पाहुण्यांना ‘सोयीचं स्वयंपाकघर’ दाखवत होतो. एकदा पाट सरकला, ती पडता पडता वाचली, तेव्हा उमगलं, चांगल्या हेतूनेही अन्याय होतो. त्यासाठी नुसतं विचारायचं राहून गेलं की पुरे!

‘‘ओटा फोडूया,’’ मी म्हणालो.

‘‘कशाला खर्च?’’ तिने लाटणं माझ्या हातात दिलं. ‘‘ज्याच्या मापाचा ओटा, त्याने लाटाव्यात.’’

तेव्हापासून आमच्या पोळ्यांत सगळ्या राज्यांचे नकाशे दिसतात. कंबर मात्र अजिबात दुखत नाही.