सोडियमच्या एका अणूबरोबर

पाठ टेकून बसा. चुलीवरचं आधण आठवा. झाकण उचललं की त्याच्या आतून थेंब ओघळतात. वाफ वर गेली, गार पत्र्याला लागली आणि पाणी झाली. एवढंच मनात धरा.

आता पाण्याच्या जागी वितळलेलं सोडियम आणा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कल्पाक्कमला 500 मेगावॉटची द्रुतगती प्रजनक अणुभट्टी आहे. तिच्या टाकीतलं वरचं सोडियम सुमारे 547 अंश सेल्सियसला असावं, अशी रचना आहे. उकळायला 883 अंश लागतात, तेव्हा हे तळं उकळत नाही. शांत दिसतं. तरी पृष्ठभागावरून अणू निसटत राहतात. वर आर्गन वायू, त्याच्यावर जाड छप्पर, आणि छपरातून खाली उतरणाऱ्या यंत्रांभोवती अरुंद फटी.

त्यातला एक अणू निवडा. श्वास सावकाश सोडा आणि त्याच्या मागे जा.

वेग सेकंदाला साधारण 870 मीटर. पण मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढं अंतर जातं न जातं, तोच तो आर्गनच्या अणूवर आदळतो. दिशा बदलते. पुन्हा टक्कर. सेकंदाला अशा अब्जावधी. इथे थोडं थांबा. एवढा वेगवान, आणि तरी बोटभर वर चढायला त्याला केवढी वणवण!

या सगळ्या अणूंचा हिशेब कुठल्याच संगणकाला झेपणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेम बर्ड यांनी 1963 मध्ये विरळ वायूंसाठी एक वाट काढली. एक कण असंख्य अणूंच्या वतीने धावतो. सगळे कण जरासे पुढे सरकवायचे, मग शेजारच्या जोड्या सोडतीने निवडून टकरा घडवायच्या, की पुन्हा पुढे. वाफ विरळ असते तिथे, आणि द्रवाच्या अगदी अंगाला लागून, प्रवाहाची नेहमीची समीकरणं लंगडी पडतात. ही रीत तिथे चालते. मला ती फार नम्र वाटते. कोणता अणू कोणावर आदळेल हे ती सांगत नाही, आणि तरी भिंतीवर किती सोडियम साचेल याचा अंदाज देते.

पुन्हा आपल्या अणूकडे या. तो फटीच्या तोंडाशी पोचलाय. आतली भिंत तळ्यापेक्षा कितीतरी गार. 98 अंशांखाली असेल, तर सोडियम तिथे घट्ट होऊन बसेल, आणि फिरायचा भाग अडेल.

आणखी एक टक्कर. मग भिंत. तो चिकटला. मागून दुसरा येतोय. त्यालाही येऊ द्या.