हिशेब संगणकाचा, मर्यादा माणसाची

मुहर्रकच्या ईशान्येला समुद्रात भर घालून वसवलेली अमवाज आयलंड्स म्हणजे माणसाच्या कर्तबगारीचा नमुनाच! बहरीनमध्ये पिण्याचे पाणी बव्हंशी समुद्राचा खारेपणा काढून मिळते आणि वीज मुख्यतः नैसर्गिक वायू जाळून. त्यामुळे इथल्या हॉटेलात किंवा ऑफिसात वाया जाणाऱ्या थंड हवेची आणि पाण्याची खरी किंमत बिलावरच्या आकड्याहून मोठी असते.

ही उधळपट्टी थांबवायला माहिती तंत्रज्ञान मदत करते, यात शंका नाही. खोली रिकामी असल्याचे सेन्सर ओळखतो आणि संगणक एसी कमी करतो. रात्री अकारण चालणारा पंप किंवा गळती मीटरच्या नोंदींतून उघडी पडते. पण नैतिक प्रश्न त्यापुढचा आहे: जे वाचले, त्याचे करायचे काय?

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच याकडे लक्ष वेधले होते. वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागले, तेव्हा ते परवडू लागले, इंजिने वाढली आणि कोळशाचा एकूण खपही वाढला. संगणकाचेही तसेच आहे. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने बहरीनमध्ये डेटा सेंटर्स सुरू केली. अशा केंद्रांमुळे प्रत्येक ऑफिसात सर्व्हर ठेवावा लागत नाही. पण साठवण स्वस्त झाली, की नको तेही आपण साठवत जातो आणि त्यासाठी वीज लागतेच.

मग मार्ग कोणता? आपल्याच महाराष्ट्रातील, अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारकडे पाहावे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या दुष्काळी गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस मोजायचा, उपलब्ध पाणी ग्रामसभेपुढे मांडायचे, पिण्याचे आधी राखायचे आणि उरलेल्या पाण्यावर पिके ठरवायची. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही. आकडा कळल्यावर गावाने स्वतःला ‘नाही’ म्हटले, हेच त्या हिशेबाचे बळ.

धंदा वाढू नये, असे कोणी म्हणत नाही. पण वर्षाला वीज आणि पाणी किती वापरायचे, हे आधी ठरवावे आणि ती मर्यादा पाळली जाते का, हे संगणकाला पाहू द्यावे. आपल्यापैकी अनेकजण इथे कंपन्यांचे हिशेब आणि संगणक सांभाळतात. वाचकहो, वरिष्ठांपुढे बचतीचा आलेख ठेवताना ‘आपली कमाल मर्यादा किती?’ हा प्रश्नही नम्रपणे विचारायला काय हरकत आहे?